आधी पोच, मग माणूस

संपादकांचा निरोप आला, "ताई, थरारक लिहा. पळून जाणारे, पकडलेले, गोळीबार वगैरे." हद्द खात्यात माझी एकतीस वर्षं गेली आणि त्यात मी गोळी पाहिली ती फक्त डोकेदुखीची. पळणारी माणसंही फार नसतात. माणसं रांगेत उभी राहतात, अर्ज करतात, त्रुटी काढली की मान हलवून परत जातात आणि आठ दिवसांनी पुन्हा येतात. तेव्हा ज्यांना थरार हवा असेल त्यांनी हे पान उलटावं. मला एका बाईबद्दल लिहायचं आहे. पण आमचा धंदा काय होता ते आधी सांगितल्याशिवाय तिचं काय झालं ते कळणार नाही.

दुष्काळ चौथ्या वर्षात गेला तेव्हा नियम झाला की ज्या जिल्ह्याच्या दप्तरात तुमचं नाव, त्याच जिल्ह्याचं पाणी तुम्हाला. नांदेडच्या माणसानं लातुरात पाहुणा म्हणून दोन-चार दिवस खुशाल राहावं, पण पाणी आपलं आपण घेऊन जावं. कायमचं राहायचं तर नाव हलवायला हवं. एका जिल्ह्यानं नाव काढायचं, दुसऱ्यानं लिहायचं, आणि मधल्या वेळात त्या माणसाचा ताबा कुणाकडे तरी हवा. तो ताबा देणं-घेणं हे आमचं काम. आरोपी, साक्षीदार, घरी परतणारी माणसं आणि नव्या नवऱ्या, असं आमचं गिऱ्हाईक. लग्नातली पाठवणी मांडवात होते, पण खरी पाठवणी मुदखेड जंक्शनजवळच्या आमच्या पत्र्याच्या कचेरीत व्हायची. रडारड दोन्हीकडे सारखीच. लोक आम्हाला पोलीस समजायचे आणि पोलीस आम्हाला तलाठी समजायचे.

आता मण्याबद्दल. आजकालच्या वाचकांना कानामागचा मणी नवा नाही, पण तो आला कशासाठी हे बरेच जण विसरलेत. ज्वारीच्या दाण्याएवढा तो मणी आधी फक्त नळाला सांगायचा की हा अमुक, याला पाणी सोड. पुढे कुणा हुशार माणसानं त्यात सोय घातली. समोर कुणी आलं की त्याचं नाव आणि नातं मणी हळूच आपल्या कानात सांगायचा. "अनिल, मावसभाऊ." "रेखा, शाळेतली मैत्रीण." लोक खूश. लग्नात ओळखलं नाही म्हणून रुसवेफुगवे बंद झाले. पण ठेवून दिलेला विळा गंजतो तसं आमचं झालं. चेहरा बघून लक्षात ठेवायची सवयच सुटली. दहा-बारा वर्षांत अशी गत झाली की मणी बोलला नाही तर समोरचा माणूस डोळ्यांना दिसायचा, मनात मात्र ठरायचा नाही. हे तेव्हा कुणाच्या ध्यानात आलं नाही, कारण मणी बोलत होता.

मला याची पहिली कुणकुण लागली ती बेकायदेशीर पाठवण्या पकडताना. त्यातले काही नमुने हसायचे होते. देवणीकडचा एक म्हातारा होता, त्याच्याकडे खास देवणी वळू. जनावरांना हद्दीचा नियम नव्हता, आणि जनावरासोबत धरायला एक माणूस माफ होता. एका महिन्यात तो वळू अठरा वेळा आमच्या हद्दीत आला. दर खेपेला दावं धरणारा नवा. वळू परत जायचा, धरणारा जायचा नाही. शेवटी मी म्हटलं, "बाबा, वळू लई थकलेला दिसतो तुमचा." म्हातारा शांतपणे म्हणाला, "हाव बाई, मागणी लई हाय त्याला." मला हसू आवरेना. गुन्हा दाखल केला, पण वळूला आधी सावलीत बांधलं.

दुसरा नमुना हसायचा नव्हता. लातूरकडून रिकामा टँकर येत होता आणि आमचे ड्रायव्हर शेख मामा म्हणाले, "ताई, रिकाम्या टँकरचा आवाज असा न्हाई येत." झाकण उघडलं तर आत अकरा माणसं. दलालानं माग लागू नये म्हणून सगळ्यांचे मणी उपटून फेकून दिले होते. दुपारची वेळ, पत्रा तापलेला, तरी कुणी ओरडत नव्हतं. आम्ही एकेकाला खाली उतरवलं. त्यात एक जोडपं होतं. दोघांच्या हातावर एकमेकांची नावं गोंदलेली, म्हणून मला कळलं की हे नवरा-बायको आहेत. बाई आपल्या नवऱ्याला अगदी अदबीनं विचारत होती, "तुम्ही कुठले वो?" तो म्हणाला, "औसा भागातला. तुम्ही?" ती म्हणाली, "मीबी तिकडचीच." आणि दोघांनी ओळख निघाली म्हणून आनंदानं मान डोलावली. शेख मामा जीपमागे जाऊन उलटी करून आले. मी पंचनामा लिहिला आणि पुढच्या कामाला लागले. तेव्हाच थांबून विचार करायला हवा होता.

मग नवा जिल्हा झाला. नांदेडचे काही तालुके, लातूरचे काही. देवणी त्यात गेली. जिल्ह्याला नाव कुणाचं द्यायचं यावरून भांडण कोर्टात गेलं ते अजून तिथंच आहे, म्हणून मीही 'नवा जिल्हा' एवढंच लिहिते. संपादकांना नोटीस नको.

हद्दीचंही तसंच झालं. आमच्या मोजणीदारांनी रेघ अलीकडे धरली आणि त्यांच्या मोजणीदारांनी पलीकडे. कंधारच्या पुढे माळावर दोन रेघांच्या मध्ये चाळीस पावलांची पट्टी उरली, ती कुणाचीच नाही. दोन्हीकडे चुना टाकलेला. आम्ही ती रेघ ओलांडायची नाही, त्यांनीही नाही. ज्याचा ताबा द्यायचा तो माणूस मात्र एकटा चालत पलीकडे जायचा. त्या चाळीस पावलांत माणसं वेगळीच चालत. बडबडी माणसं गप्प होत. एक आरोपी मधोमध थांबला आणि म्हणाला, "इथं कुणाचंच राज न्हाई का? मग मला इथंच राहू द्या." अर्धा तास तो फार मजेत होता. मग त्याला तहान लागली.

ताबा द्यायची रीत ठरलेली होती. आमच्या रेघेवर मी वर्णनपत्र मोठ्यानं वाचायचं. नाव, वय, उंची, ओळखीच्या खुणा. वाचताना दर खुणेला माणसाकडे बघायचं. मणी आल्यावर नव्या पोरांना हा खुळेपणा वाटायचा, पण मी सोडला नाही. मग माणूस चालत जायचा, पलीकडचे जमादार बिरादार तेच वर्णन पुन्हा वाचायचे, नाव आपल्या दप्तरात घ्यायचे आणि पोचपावतीवर सही करायचे. पावती इकडे यायला आम्ही एका आटलेल्या विहिरीची कप्पी आणि दोर आणून बांधला होता. त्याला तेलाचा रिकामा डबा. दोर ओढला की डबा पट्टीवरून खडखडत यायचा. पोच हातात आली की मी आमच्या दप्तरातून नाव काढायचं. पोच येईपर्यंत माणूस आमचा, ही कायद्याची ओळ मला झोपेतही पाठ होती.

पण माळावरचं ऊन ज्यानं सोसलं नाही त्यानं बोलू नये. सावलीला एक बाभळ, तीही त्यांच्या बाजूला. एकेका माणसाला तासभर लागायचा. तेव्हा मी आणि बिरादारांनी न बोलता एक पद्धत पाडली. डबा आधी ओढायचा. ते आधीच सही करून पोच पाठवायचे, मी खुणा वाचायची, माणूस चालायला लागला की नाव काढायचं, म्हणजे तो पोचेपर्यंत आमचं आटोपलेलं. आधी पोच, मग माणूस. किती तरी जणांना आम्ही असं पाठवलं आणि एकदाही काही बिघडलं नाही. बिघडत नाही तोवर वाईट सवयीला अनुभव म्हणतात.

आमच्या घरात दप्तरातल्या नावाला फार किंमत. छप्पन साली पणज्यानं धर्म बदलला, आणि दप्तरात तसं लिहून घ्यायला त्याला पुढे किती खेटे घालावे लागले ते आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. माणसाचं नाव नीट लिहिणं हे पुण्याचं काम आहे, असं माझे वडील म्हणायचे. मी या नोकरीत शिरले ती त्या अभिमानानं. म्हणून पुढचं लिहिताना मला माझीच लाज वाटते.

शीतल मुदखेडला एका दवाखान्यात आयाचं काम करायची. तिशीच्या आतबाहेरची. तिची आई, विमलबाई, देवणीजवळच्या गावात एकटी. आई थकली, म्हणून शीतलनं घरी परतायचा अर्ज केला. दोन वर्षं ती दर महिन्याला कचेरीत यायची. बाकावर बसायची, नंबर आला की आधी हसायची आणि मग बोलायची. मंजुरी आली त्या दिवशी तिनं सगळ्या कचेरीला शेंगदाण्याचे लाडू वाटले. माळावर जाताना जीपमध्ये शेख मामांना सांगत होती, "मामा, माय रोज फोनवर इचारती, कधी येतीस, कधी येतीस. आज दारातच धरते बघा तिला."

दुपारचे साडेबारा झाले असतील. डबा आला, पोच आली. मी खुणा वाचल्या. डाव्या भुवईवर तुटक रेघ. उजव्या करंगळीला नख नाही. रकान्यात जागा उरली होती म्हणून मीच अर्ज घेताना एक खूण जास्त लिहिली होती: बोलण्याआधी हसते. ती वाचली तेव्हा ती हसलीच. मग पिशवी उचलून चालू लागली, आणि ती दहा पावलं गेली असेल-नसेल तोच मी दप्तराच्या यंत्रावर बोट दाबून नाव काढलं. घाई कसलीही नव्हती. हाताला सवय होती.

"ताई, थांबा!" बिरादार पलीकडून ओरडले. "हे नोंद घेईना की हो!"

त्याच वेळेला, अगदी त्याच वेळेला, कोर्टाची स्थगिती आली होती. जिल्ह्याच्या नावाचा निकाल लागेपर्यंत नव्या दप्तरात नवी नावं लिहायची नाहीत. मी माझ्या यंत्रावर तिचं नाव परत घालायला गेले. उत्तर आलं, हा इसम या दप्तरात नाही, पोच झालेली आहे. खाली बिरादारांची सही.

शीतल मधोमध उभी. "ताई, कुठं जाऊ मी? तिकडं का इकडं?"

मी शेख मामांकडे वळून म्हटलं की वर फोन लावा, आणि परत समोर पाहिलं तर पट्टीत कुणी एक बाई उभी. मी म्हटलं, "कोण हो बाई तुम्ही? इथे थांबता येत नाही." चेहरा कुठेतरी पाहिल्यासारखा वाटला, पण कोण ते ठरेना. हातात वर्णनपत्र होतं. वाचलं, तिला रेघेजवळ बोलावून भुवई पाहिली, करंगळी पाहिली, तेव्हा ती पुन्हा शीतल झाली. पाच-दहा मिनिटांत हे असं पाच-सहा वेळा झालं. तिचं नाव कुठल्याच दप्तरात नव्हतं, म्हणून तिच्याबद्दल आमच्या मण्यांना सांगायला काही उरलं नव्हतं. तिला आम्ही सगळे ओळखू येत होतो. आम्हाला ती येत नव्हती.

तिला ते आमच्याआधी कळलं. ती बिरादारांच्या बाजूला गेली. बिरादारांनी तिच्याकडे सरळ पाहिलं, आपल्या शिपायाला विचारलं, "कोण बाई ही?" आणि म्हाताऱ्या माणसाला द्यावी तशी दोर वर धरून वाट दिली. ती गेली. मी कचेरीत आले, चहा प्याले आणि तिला विसरले. रागावून नाही, दुर्लक्ष करून नाही. नुसती विसरले.

आठव्या दिवशी दप्तराच्या पिशवीत वर्णनपत्राचा कागद सापडला. अक्षर माझं. 'बोलण्याआधी हसते' हे वाचलं आणि ती पट्टी, ती पिशवी, सगळं एकदम डोळ्यांसमोर आलं. मग रजा टाकली, पाहुणीचा परवाना काढला, माझं चार दिवसांचं पाणी घेतलं आणि एसटी धरली. उदगीरच्या स्टँडवर उतरले आणि आपण इथे कशाला आलो तेच आठवेना. कागद काढून वाचला. देवणीपर्यंत तो तीनदा वाचावा लागला.

विमलबाई दारात बसल्या होत्या. अंगानं वाळलेल्या, ओठ फुटलेले, पण आवाज खणखणीत. त्यांच्या मण्यानं माझं नाव आणि खातं सांगितलं असणार. "या ताई, बसा. तुमच्याच खात्यातून माझी लेक येणार हाय. आठ दिस झाले, अजून पत्ता न्हाई."

अंगणात एक बाई झाडत होती. मी कागद काढला. भुवई. करंगळी.

तेवढ्यात विमलबाईंचं तिकडे लक्ष गेलं. "कोण गं बाई तू? उन्हाची आलीस? थांब, पाणी पी." उठल्या, रांजणातून पेलाभर पाणी काढून तिला दिलं. शीतलनं पेला घेतला. विमलबाई माझ्याकडे वळल्या आणि अभिमानानं म्हणाल्या, "हल्ली लई बाया येतात बघा. दिसाला वीस-वीस. दारी आलेल्याला पाणी न्हाई म्हनू न्हाई." मागे शीतल पेल्यातलं पाणी, एक घोट सोडून, परत रांजणात ओतत होती. विमलबाईंनी पुन्हा मान वळवली. "कोण गं तू? बस की. पाणी पितीस?"

मी शीतलला घरामागे नेलं. ती रडली नाही. रडून झालं होतं तिचं.

"पयल्या दिवशी मी सांगत राहिले, माय, मी शीतल, मी शीतल. ती म्हनायची, बरं झालं, बस. आन् पुन्हा इचारायची, कोण. मला नळ पानी देईना, टँकरवाला देईना. ती देती. दर खेपेला नव्यानं देती, म्हनून मी जित्ती हाय."

"मग परत का ओततेस?"

"ती सोता पेत न्हाई, ताई. येनाऱ्या बायांना पुरलं पायजे म्हनती. परवा चक्कर येऊन पडली. मी दोन दिस निघून गेले होते मोठ्या रस्त्याला, तिचं पानी वाचंल म्हनून. तिथं कुणी घोट दिला न्हाई. परत आले. मी हितं राहिले तर ती मरती, आन् गेले तर मी."

एवढं सगळं माझ्या एका बोटानं केलं होतं. मी तिचा हात धरला आणि तसाच धरून देवणीपर्यंत चालत नेलं. सोडला की ती माझ्यासाठीही पुन्हा कुणीतरी बाई होणार होती.

माळावर ताबा नसेल त्या दिवशी बिरादार देवणीच्या चौकीत बसायचे, तिथेच ते होते. कागद वाचून दाखवला तेव्हा त्यांनी कपाळाला हात लावला. सही त्यांचीही होती. "ताई, नवीन नाव घेता येत न्हाई. वारसाचं न्हाई, जन्माचंबी न्हाई. परवा एका बाईला पोरगं झालं, त्याला आयबी ओळखीना झालीय. मांडीवर घेऊन इचारती, हे कुनाचं?"

"एकही दप्तर चालू नाही?"

"गुन्ह्याचं चालू हाय. गुन्ह्याला स्थगिती नसती की. आरोपीलाबी नळ पानी देतो."

आम्ही दोघंही जुने. बोलायची गरज नव्हती, तरी मी विचारलं, "आरोपीचं नाव कुठेच नसलं तर?"

"तर हातानं लिहून घ्यायचं," ते हळूच म्हणाले. "नवीन पान उघडून."

मी माझी पाण्याची बाटली शीतलसमोर ठेवली. नांदेडचं पाणी. नव्या जिल्ह्याच्या हद्दीत पाहुण्यानं आणलेलं पाणी दुसऱ्या कुणी पिणं हा गुन्हा, आणि ज्याचं पाणी त्यानं फिर्याद द्यायची. तिला कळलं. ती बाटलीकडे बघत राहिली.

"चोर म्हनतील मला, ताई."

"म्हणतील," मी म्हटलं. "पण तुला म्हणतील."

तिनं बाटली उचलली आणि आठ दिवसांची तहान असल्यासारखी घटाघटा प्याली. मी फिर्याद लिहिली की या बाईनं माझ्या नकळत माझं पाणी घेतलं. जन्मात एवढी धडधडीत खोटी गोष्ट मी सरकारी कागदावर लिहिली नव्हती. हे छापून आलं तर माझ्यावर खोट्या फिर्यादीचा गुन्हा होईल. होऊ दे. त्याआधी मी खरी म्हणून जी नोंद केली होती तिनं जास्त वाटोळं केलं होतं.

बिरादारांनी पान उघडलं, नाव लिहिलं, अंगठा घेतला. क्षणभर काहीच झालं नाही. मग माझ्या कानामागे तो ओळखीचा बारीक आवाज आला: "शीतल. आरोपी." बिरादारांनी मान वर केली आणि तिच्या तोंडाकडे बघतच राहिले. "अगं, तू ती पट्टीवरची! दोर धरून मीच वाट दिली की तुला!" शीतल भिंतीला टेकून खाली बसली.

मला वाटलं, सुटलो. बिरादार म्हणाले, "जामीनदार हितलाच लागंल," आणि आम्ही विमलबाईंना बोलवायला शिपाई पाठवला. शीतल दाराकडे डोळे लावून बसली. तिच्या मनात काय होतं ते सांगायला नको. माझ्याही तेच होतं. पण गुन्ह्याच्या दप्तरात नात्याचा रकाना नसतो. आरोपी, फिर्यादी, जामीनदार, एवढंच. हे मला माहीत होतं. एकतीस वर्षांच्या नोकरीत माहीत असलेलं ऐन वेळी आठवायचं नाही, ही माझी खोडच आहे.

विमलबाई आल्या. कॅनमध्ये थोडं पाणी होतं, वाटेत कुणी भेटलं तर द्यायला. दारात थबकल्या आणि शीतलकडे पाहिलं. त्यांची नजर तिच्यावर ठरली, आठ दिवसांत पहिल्यांदा. घसरली नाही.

"शीतल," त्या म्हणाल्या.

"माय," शीतल उठली.

"माझ्या लेकीचं बी हेच नाव हाय." विमलबाई माझ्याकडे वळल्या. "पोरीनं काय केलं वो, ताई?"

बिरादारांनीच सांगितलं, पाणी घेतलं म्हणून.

विमलबाई शीतलजवळ गेल्या. हनुवटी धरून तोंड वर केलं, नीट पाहिलं. "तुझ्या मायला ठावं हाय का गं हे?"

शीतलनं मान हलवली. नाही.

"मग सांगू नको. जिवाला लागंल तिच्या." आणि बिरादारांना म्हणाल्या, "आना कागद. मी राहते जामीन. तहानेलं मानूस पानी घेनारच, त्यात चोरी कसली?" अंगठा उमटवून त्यांनी तो पदराला पुसला. "चल. माझी लेक येईस्तोवर राहा माझ्यापाशी. ती आली की मग बघू."

शीतलनं त्यांच्या हातातला कॅन घेतला. एकदा माझ्याकडे पाहिलं, रागानं नाही, आणि त्यांच्या मागोमाग बाहेर पडली. मी चौकीच्या पायरीवर उभी राहून बघत होते. म्हातारी पुढे, ती दोन पावलं मागे. कोपऱ्यावर विमलबाई थांबल्या, मागे वळल्या आणि भर रस्त्यात तिला हाक मारली, "शीतल, सावलीनं चाल गं."

"हाव माय," ती म्हणाली आणि सावलीत गेली.